किरकोळ ओल

मे २०१९मध्ये बालाघाटच्या डोंगरातल्या एका लघु पाटबंधारे तलावाच्या तपासणी अहवालात मी ‘पायथ्याशी किरकोळ ओल’ असे लिहिले आणि खाली वर्ग तीन कायम ठेवला. तिथे वर्ग दोन लिहायला हवा होता. सप्टेंबर २०२१च्या अखेरीस त्याच ओलीच्या जागेतून माती घेऊन पाणी वाहू लागले आणि धरणाखालच्या वस्तीतल्या माणसांना रात्री झोपेतून उठवून शाळेत न्यावे लागले. धरण वाचले, माणसेही वाचली. त्यात माझ्या अहवालाचा काहीच वाटा नव्हता. माझे काय आणि कुठे चुकले, ते खात्यात नव्याने येणाऱ्या पोरांना आणि अशा धरणांखाली राहणाऱ्यांना कळावे म्हणून लिहितो आहे.

आमच्याकडे तपासणीत सापडलेल्या त्रुटींचे तीन वर्ग करतात. पहिल्या वर्गातली त्रुटी म्हणजे दुर्लक्ष झाले तर धरण फुटू शकते. दुसऱ्या वर्गातली मोठी, दुरुस्ती लगेच हाती घ्यायची. तिसऱ्या वर्गात झुडपे काढणे, निखळलेले पिचिंग बसवणे, माथ्यावरचे खड्डे भरणे अशी वर्षभरात उरकायची कामे येतात. तपासणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर. कागदावर ही पद्धत चांगली आहे. मराठवाड्यात तिच्यात एक मोठी मेख आहे आणि ती मला इतकी वर्षे नोकरी करूनही नीट उमगली नव्हती. मे महिन्यात आमचे तलाव कोरडे असतात. भरावातून पाणी झिरपते का, हे कोरड्या तलावावर उभे राहून कळत नाही. पावसाळ्यानंतर पाहावे, तर दुष्काळाच्या वर्षी तलाव भरलेलाच नसतो. २०१२, २०१४, २०१५, २०१८ ही सगळी अशीच वर्षे. आमच्या अहवालांत ओळीने ‘गळती नाही’ असे लिहिलेले सापडेल. ते खोटे नव्हते, पण त्या सालांत गळायला पाणीच नव्हते, हे त्याच्या शेजारी कुठे लिहिलेले नसायचे. तलावाची त्या दिवसाची पाणीपातळी नमूद केल्याशिवाय गळतीबद्दल लिहिलेल्या शब्दाला काडीचा अर्थ नाही, हे आज मी ठामपणे म्हणतो. तेव्हा पातळीचा रकाना मी बहुतेक वेळा मोघम भरायचो.

हा तलाव १९७२च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामावर बांधलेला. उंची पंधरा मीटरच्या आत, साठा दहा लाख घनमीटरच्या थोडा वर. मधे काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरमाचे आवरण, पाण्याच्या बाजूला दगडी पिचिंग, मागच्या पायथ्याला दगडांचा बांध, म्हणजे रॉक टो. एका टोकाला बिनदरवाजाचा सांडवा. भरावाच्या पोटातून पाणी बाहेर नेणारा बंद मार्ग, म्हणजे कंड्युइट, आणि त्याच्या तोंडाशी पाणी सोडायच्या दाराची, म्हणजे विमोचकाची, विहीर.

त्या मे महिन्यात बीड जिल्ह्यात जनावरे छावण्यांमध्ये होती. कुठे हिरवे पान दिसत नव्हते. तलावाच्या बुडाला भेगाळलेला गाळ आणि विमोचकाच्या विहिरीभोवती मृत साठ्यातले, म्हणजे विमोचकातून बाहेर न निघणारे, थोडे पाणी, एवढेच उरले होते. आणि धरणाच्या मागे, पायथ्याशी, कंड्युइटच्या उजव्या अंगाला खोलीभर जागेत हिरवागार लव्हाळा उभा होता. एक म्हैस त्यात तोंड घालून चरत होती. मी टाचेने जमीन दाबली, खड्ड्यात पाणी आले. मला बरे वाटले, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. सगळीकडे जळालेले बघून आलेल्या माणसाला हिरवळ दिसली की आधी बरेच वाटते. मृत साठ्याच्या एवढ्याशा पाण्यावर जर पायथा असा ओला राहत असेल, तर तलाव तुडुंब भरल्यावर तिथे काय होईल, हा प्रश्न अभियंता म्हणून मला जागच्या जागी पडायला हवा होता. पडला नाही असे नाही. मी तो बाजूला सारला.

का सारला, तेही सांगायला हवे. वर्ग तीनचा दोन केला की अंदाजपत्रक जोडावे लागते, दुरुस्तीचा कालावधी लिहावा लागतो, वरून विचारणा सुरू होते. माझ्या उपविभागात याहून वाईट दिसणारे तलाव होते. कुणाचा सांडवा उखडलेला, कुणाचा माथा खचलेला. दुरुस्तीचे पैसे आले तर ते तिकडेच जाणार, असा माझा हिशेब होता. म्हणजे धरणाची अवस्था काय आहे यावर मी वर्ग दिला नाही. दुरुस्ती होण्याची शक्यता किती आहे यावर दिला. शिवाय माझ्या आधीच्या अधिकाऱ्याने तीनच लिहिले होते. वर्ग बदलायला कारण द्यावे लागते. तसाच ठेवायला कुणी कारण विचारत नाही. माझ्या मते आमच्या पद्धतीतली सगळ्यात धोकादायक गोष्ट ही आहे, आणि ती बदलणे फार अवघडही नाही. वर्ग कायम ठेवणाऱ्यालाही तो का ठेवला ते चार ओळींत लिहायला लावावे.

त्याच दिवशी पायथ्यालगतच्या शेताचे मालक भेटले. सगळे गाव त्यांना तात्या म्हणते. म्हणाले, “साहेब, सोळाला तळं भरलं तवा माझ्या हिरीला पाणी चढलं, पण महिनाभर गढूळच राहिलं. उपसलं तरी खाली गाळ बसायचा.” मी त्यांना समजावले की पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळ होतेच. ते गप्प झाले. त्यांच्या बोलण्यात दोन गोष्टी होत्या. विहिरीची पातळी तलावासोबत वर चढते, आणि येणारे पाणी माती घेऊन येते. मातीचे धरण झिरपतेच. स्वच्छ पाणी पाझरत असेल तर त्यात सहसा घाबरण्यासारखे नसते. गढूळ पाणी म्हणजे भरावाची माती कणाकणाने बाहेर चालली आहे. खालच्या तोंडाकडून सुरू झालेली पोकळी मागे मागे तलावाकडे सरकते आणि एक दिवस पाण्यापर्यंत पोचते. पुस्तकात हे मी शिकलो होतो, परीक्षेत लिहिले होते. तात्यांनी तेच त्यांच्या भाषेत सांगितले तेव्हा मला ओळखता आले नाही. बाटलीत पाणी धरून तासभर ठेवा, तळाला गाळ बसतो का पाहा, एवढी साधी तपासणी आहे ती.

माझा अहवाल गेला आणि दीड महिन्यात, २ जुलै २०१९च्या रात्री, चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. भेंदवाडीची घरे वाहून गेली, वीसहून अधिक माणसे गेली. गळतीबद्दल गावकऱ्यांनी आधीच तक्रारी केल्या होत्या, हे नंतर सगळ्यांनी वाचले. त्यानंतर आम्हीही तलावांवर पुन्हा गेलो. आमच्याकडे पावसाने ओढ दिलेली. मृत साठाही आटून गेला होता, लव्हाळा वाळला होता. मी ‘ओल आढळली नाही’ असे लिहिले आणि सुटका झाल्यासारखे वाटले. तिवरे इतके ताजे असताना, तात्यांचे बोलणे कानात असताना. या एका नोंदीचा मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त पश्चात्ताप होतो.

काळ्या मातीला दुष्काळ मानवत नाही. ती आकसते, भेगाळते. धरणाच्या माथ्यावर लांबच लांब उभी भेग पडली होती, तिच्यात पहार सहज उतरत होती. खरे तर चर खणून, भेग जिथे संपते तिथपर्यंत खाली जाऊन, काळी माती थरांनी पाणी मारून पुन्हा बसवायला हवी होती. मी वरून मुरूम टाकून ती बुजवून घेतली. दिसेनाशी झाली. २०२०ला पाऊस चांगला झाला, तलाव भरला. करोनाच्या त्या वर्षी पावसाळ्यानंतरच्या तपासणीला मी स्वतः गेलो नाही. मागच्या अहवालातला मजकूर तसाच पुढे आला आणि त्याखाली माझी सही झाली. तलाव भरलेला असताना पायथा डोळ्यांनी पाहायची ती एकच संधी होती.

सप्टेंबर २०२१च्या शेवटच्या आठवड्यात ‘गुलाब’ चक्रीवादळाचा उरलेला जोर मराठवाड्यावर आला. मांजरा धरणाचे दरवाजे उघडले, नद्यांनी पात्रे सोडली. सगळ्या यंत्रणेचे लक्ष मोठ्या धरणांकडे होते आणि ते बरोबरही होते. संध्याकाळी उशिरा तलावावरच्या चौकीदाराचा फोन आला. “साहेब, सांडवा हातभर चाललाय. अन् रॉक टोच्या वर, भरावातनं पाणी यायलंय. गढूळ यायलंय.”

पोचलो तेव्हा बॅटरीच्या उजेडात मनगटाएवढी धार दिसली. कॉफीसारखी तपकिरी. धारेच्या तोंडाशी मातीचा लहान शंकू साचत होता. तिथे जमणारा प्रत्येक कण भरावाच्या पोटातून आलेला होता. गावातली पोरे मातीची पोती घेऊन हजर होती. आणि मी पुढची चूक केली. पोती धारेवर रचायला सांगितली. धार बंद झाली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. थोड्याच वेळात डावीकडे दोन नवीन ठिकाणी पाणी फुटले.

माझ्या हातून जे होत होते ते थांबवले एका निवृत्त वरिष्ठांनी. नोकरीच्या सुरुवातीला मी त्यांच्या हाताखाली काम शिकलो होतो. घाबरून फोन लावला. त्यांनी एकच विचारले, “पाणी दाबतोयस की गाळतोयस?” मग सांगितले: पोती आधी काढ. पाण्याला येऊ दे, मातीला येऊ देऊ नको. धारेच्या तोंडावर आधी जाड वाळू, मग बारीक खडी, मग मोठी खडी, वर दगडांचे वजन. याला आम्ही उलटा फिल्टर म्हणतो. मातीच्या पोत्यांनी तोंड बंद केले की पाण्याचा दाब आत वाढतो आणि ते कमकुवत जागा शोधते. हे मला माहीत नव्हते असे नाही. धार दिसली की हात तिच्यावर दाबायलाच जातो, इतकेच.

रात्री वाळू कुठून आणायची? गावात एकाचे घरकुल चालू होते. दारात वाळूचा आणि खडीचा ढीग. त्या माणसाने एका शब्दाने न विचारता ट्रॅक्टर लावला. पोरे घमेल्यांनी वाळू ओतत होती, धार ती वाहून नेत होती, पुन्हा ओतत होती. तिसऱ्या ट्रॉलीनंतर वाळू टिकायला लागली.

दुसरीकडे पाण्याची पातळी उतरवणे गरजेचे होते. विमोचक पूर्ण उघडला तर कंड्युइटमधून जोराचे पाणी जाणार, आणि गळती त्याच्याच अंगाला. म्हणून खात्यातले वरिष्ठ आणि तहसीलदार यांच्याशी बोलून सांडव्याची भिंत एका टोकाला पोकलेनने उतरवली. ते पाणी खालच्या शेतांत शिरले. सोयाबीन काढणीला आलेले होते, काहींनी कापून ठेवले होते. ते सगळे गेले, आणि रब्बीला मिळणारे पाणीही त्यासोबत गेले. पंचनामे झाले. ज्यांचे नुकसान झाले त्यांतले एक शेतकरी मला दुसऱ्या दिवशी म्हणाले, “साहेब, ही गळती दोन वर्षांआधी काढली असती तर?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

वस्तीबद्दल अजून बोललो नाही, कारण ती माझ्या नकाशावर नव्हती. नकाशावर तिथे नाला होता. तलाव बांधला तेव्हा नाल्याकाठी एकही घर नव्हते. पुढे वर्षानुवर्षे तलाव भरला नाही, नाला कोरडा राहिला. लोकांना वाटले की धरणाने पूर बांधून ठेवला. भाऊबंदकीत वाटण्या झाल्या, तरुणांनी नाल्याच्या कडेला पत्र्याची घरे घातली, शेळ्यांचे गोठे घातले. बिनदरवाजाच्या सांडव्याचे धरण एकदा भरले की वरून येणारे पाणी थोडेसे उशिरा आणि थोडेसे कमी जोराने पुढे जाऊ देते, एवढाच त्याचा पुराला अडसर. हे त्या लोकांना सांगणे कुणाचे काम होते? माझे. मी धरणाच्या माथ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो, पायथ्याने चालत गेलो, पण पायथ्यापासून नाल्याने खाली कधी चालत गेलो नाही.

त्या रात्री किती घरे आहेत, कुठल्या घरात म्हातारी अंथरुणावर आहे, हे ना मला माहीत होते ना माझ्या कागदांत होते. ते होते अंगणवाडी सेविकेच्या रजिस्टरमध्ये. लहान मुले, गरोदर बायका, कोण माहेरी आले आहे, कोण ऊसतोडीला जाणार आहे, सगळे. तिने बॅटरीच्या उजेडात एकेक नाव वाचले आणि दोघादोघांना एकेका घरी पाठवले. एका बाईला आठवा महिना होता. तिला सगळ्यांच्या आधी जीपने तालुक्याला नेले. पहाटेपर्यंत वस्ती शाळेत होती आणि फिल्टरमधून येणारे पाणी निवळत चालले होते.

पुढे अहवाल लिहिताना मी २०१९मधली ओल, तात्यांनी सांगितलेले, न पाहता केलेली सही, सगळे नमूद केले. तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत आलो. अमेरिकेत १९४८पासून शेतीखात्याच्या मदतीने अकरा हजारांहून अधिक छोटी धरणे बांधली गेली, त्यांतली बरीचशी मातीची आणि खास पूर अडवण्यासाठी. पहिले ओक्लाहोमा राज्यात. त्यांच्याकडे धरणाला दोन वेगळ्या श्रेणी देतात. एक अवस्थेची: समाधानकारक, बरी, वाईट, असमाधानकारक. दुसरी धोक्याची: कमी, लक्षणीय, जास्त. दुसरीचा भिंतीच्या मजबुतीशी संबंध नाही. धरण फुटलेच तर खाली कुणाचा जीव जाईल, काय नुकसान होईल, एवढेच ती सांगते. धरण जागच्या जागी असते, खाली वस्ती वाढते आणि ‘कमी’चे ‘जास्त’ होते, हा त्यांचाही अनुभव आहे. ऑगस्ट २०१८मध्ये विस्कॉन्सिन राज्यात एका रात्रीच्या पावसात अशी पाच छोटी पूरनियंत्रक धरणे फुटली. तिथे भरावाच्या कडेच्या टेकड्यांच्या वालुकाश्मात चिरा होत्या, पाणी भरावाच्या बाजूने खडकातून घुसले. वर्षानुवर्षे तपासणी होत असलेली धरणे होती ती. हे वाचून मला दिलासा मिळाला नाही, पण आपण एकच आकडा लिहून दोन प्रश्नांची उत्तरे देतो आहोत, हे लखलखीत कळले.

आपल्याकडे धरण सुरक्षितता कायदा ३० डिसेंबर २०२१ रोजी अमलात आला. त्यात धोक्याच्या वर्गवारीची तरतूद आहे. तो पंधरा मीटरहून उंच धरणांना लागू होतो; दहा ते पंधरा मीटर उंचीची धरणे साठा दहा लाख घनमीटर वा त्याहून जास्त असेल किंवा लांबी, पुराचा विसर्ग, पाया, रचना यांच्या ठरवून दिलेल्या अटींत बसत असतील तरच. आमचा तलाव साठ्यामुळे आत आला. शेजारच्या डोंगरात त्याच काळात, त्याच मातीने, त्याच माणसांनी बांधलेले पाझर तलाव आले नाहीत. त्यांच्याखालीही घरे आहेत.

दुरुस्तीसाठी भराव उघडला तेव्हा कंड्युइटच्या उजव्या अंगाला पोकळी सापडली. मी हात घातला, कोपरापर्यंत आत गेला. आतला मुरूम बोटांना गुळगुळीत लागत होता, पाण्याने धुतलेला. तात्या काठावर उभे होते. पंचाहत्तरच्या सुमाराला ते याच कामावर मजूर होते. म्हणाले, “तिथं रोलर जात नव्हता साहेब. आम्ही धुम्मस हातानं मारला. पाऊस तोंडावर आलता, गडबड होती.” काँक्रीटला चिकटून माती नीट दाबली गेली नाही की पाण्याला वाट तिथेच सापडते. १९६१मध्ये पानशेतला भराव खचला तोही विमोचकाच्या कंड्युइटपाशी, हे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. इतकी वर्षे तलावाच्या फायलीत जे नव्हते ते तात्यांना तोंडपाठ होते आणि मी त्यांना कधी विचारले नव्हते.

आता तिथे कंड्युइटभोवती वाळूचा फिल्टर आहे, पायथ्याच्या नालीत पाणी मोजायची खाच बसवली आहे. पावसाळ्यात चौकीदार आणि तात्यांचा नातू रोज खाचेवरचे पाणी, तलावाची पातळी आणि बाटलीतला गाळ अशा तिन्ही नोंदी एका वहीत करतात. धरणाच्या अवस्थेबद्दल आज मला खात्री आहे. वस्तीबद्दल नाही. घरे नाल्यातच आहेत. हलायचे कुठे, जागा कुणी द्यायची, यावर ग्रामपंचायतीत अजून एकमत नाही. तपासणी सूचीत धरणाखालच्या घरांचा रकाना नाही, म्हणून मी अंगणवाडीच्या रजिस्टरवरून केलेली घरांची यादी दरवर्षी स्वतंत्र पान म्हणून अहवालाला जोडतो. यंदा त्यात दोन घरे वाढली आहेत.